बॅसिलिस्क : नजर आणि पाऊल

मध्य अमेरिकेतल्या ओढ्यांच्या काठी एक सरडा राहतो. डोक्यावर तुरा, लांबलचक शेपटी, मागच्या पायांच्या बोटांना खवल्यांची झालर. चाहूल लागताच तो फांदीवरून पाण्यावर झेपावतो आणि बुडण्याऐवजी मागच्या दोन पायांवर धावत सुटतो. ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण ज्यांनी घडवली, त्यांच्या परिचयाचा हा सरडा नव्हे. त्याचे पाऊल प्रथम पाण्यावर सपाट आपटते, मग खाली आणि मागे रेटले जाते. त्यामुळे पाण्यात हवेची एक पोकळी निर्माण होते, आणि ती मिटण्याच्या आत पाऊल वर काढून घ्यावे लागते. १९९६ मध्ये ग्लाशीन आणि मॅकमहॉन यांनी या क्रियेचे गणित मांडले. ८० किलो वजनाच्या माणसाला असे धावायचे झाल्यास सेकंदाला सुमारे ३० मीटर वेग लागेल, असे त्यावरून दिसते. पिल्लांना ही धाव सहज साधते, वाढत्या वजनाबरोबर ती अवघड होत जाते. पाण्यावर उभे राहण्याचे सामर्थ्य या प्राण्यात मुळीच नाही. पाऊल वेळेवर काढून घेणे एवढीच त्याची विद्या.

अशा या भित्र्या जीवाच्या वाट्याला बॅसिलिस्क हे नाव आले. लिनियसने १७५८ मध्ये ते दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘छोटा राजा’ असा असल्याने डोक्यावरचा तुरा या नामकरणाला पुरेसा ठरला असावा. परंतु नाव एकटे येत नाही. प्लिनीने वर्णिलेला बॅसिलिस्क हा बारा बोटे लांबीचा सर्प आहे. त्याच्या श्वासाने झुडपे करपतात, दगड फुटतात, आणि त्याच्या नजरेत मृत्यू असतो. (दृष्टिविष सर्पाची कल्पना आपल्याकडेही आहे, जैन परंपरेतला चंडकौशिक हे त्याचे ठळक उदाहरण.) पुढे युरोपीय लोककल्पनेने या सर्पाला मारण्याचा उपायही शोधला. त्याच्यासमोर आरसा धरायचा.

सेगावा मासाकी यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या चित्रकथेला ‘बॅसिलिस्क’ हे शीर्षक दिले आणि २००५ मध्ये तिच्यावर २४ भागांची अॅनिमेशन-मालिका निघाली. मूळ कादंबरी यामादा फुतारो यांची. १९५८-५९ मध्ये ती क्रमशः प्रसिद्ध झाली तेव्हा तिच्या नावात बॅसिलिस्क नव्हता, कथेतही नाही. साल १६१४. वारस कोणता नातू, हा तोकुगावा इएयासुपुढचा प्रश्न. तो सोडवण्यासाठी कोगा आणि इगा या दोन निंजा-घराण्यांतील युद्धबंदी उठवली जाते. प्रत्येकी दहा नावे गुंडाळीवर लिहिली जातात, आणि मरणाऱ्याचे नाव खोडले जाते. यामादा वैद्यकाचे विद्यार्थी होते, आणि त्यांच्या निंजांचे चमत्कार मंत्रतंत्रातून न येता शरीरांतूनच येतात, याचे मर्म बहुधा तिथे आहे. कोणी कोळ्यासारखा चिकट द्रव फेकतो, कोणी गोगलगायीसारखा मिठाने विरघळतो. कागेरोचा श्वास प्रेमावेगात विषारी होतो, म्हणजे जिच्यावर मन जडले त्याच्याजवळ जाणेच तिला वर्ज्य. प्लिनीच्या सर्पाचा श्वास असा एका स्त्रीच्या वाट्याला आला आहे.

नजर मात्र गेन्नोसुकेची, आणि शीर्षकाचा रोख त्याच्यावरच असावा. पण इथे शीर्षक फसते. गेन्नोसुकेची नजर मारत नाही. समोरच्याची मारण्याची इच्छा ती त्याच्याचकडे परतवते. म्हणजे तो बॅसिलिस्क नसून आरसा आहे. बॅसिलिस्क म्हणायचे तर चाल करून येणाऱ्या प्रत्येकाला म्हणावे लागेल. त्याची वाग्दत्त वधू ओबोरो ही शत्रुपक्षाची. तिच्या नजरेपुढे कोणाचीही विद्या निष्प्रभ होते, आणि तिच्यात मारण्याची इच्छाच नाही. आरशाने तिला परत करावे तरी काय? आपल्याच माणसांचा नाश आपल्या नजरेने होऊ नये म्हणून ती डोळ्यांवर औषध लावून सात दिवसांचे अंधत्व पत्करते. पुढे त्याच औषधाने गेन्नोसुकेही अंध होतो. नजरेच्या या कथेचा गाभा मिटलेल्या डोळ्यांचा आहे, आणि मालिकेने तो चांगला सांभाळला आहे. रक्तपाताचा सोस मात्र तिला आवरत नाही.

ऐतिहासिक निंजाचे काम मारण्याहून बातमी काढून जिवंत परतण्याचे अधिक होते. १६७६ च्या ‘बान्सेन्शूकाई’ या ग्रंथात पाणी ओलांडण्यासाठी ‘मिझुगुमो’ नावाचे लाकडी कड्याचे साधन वर्णिले आहे. त्यावर उभे राहून चालता येणे कठीणच, बसून तरंगता येत असावे. निंजाचे नाते सरड्याशी जुळते ते इथे, पावलाशी. यामादांच्या वीस जणांना नेमके हेच नाकारलेले आहे. नाव गुंडाळीवर चढले की निसटण्याला अर्थ उरत नाही. बातमी घेऊन परतायचे तरी कोणाकडे?

शेवटी दोघेच उरतात. ओबोरो स्वतःवर शस्त्र चालवते. गेन्नोसुके विजय तिच्या नावे लिहितो आणि तिच्यामागून जातो. इगाचा विजय म्हणजे थोरल्या नातवाचा वारसा. तो इएमित्सु १६२३ मध्ये तिसरा शोगून झाला.