जबलपूरचे खेळ

जबलपूर म्हटले की प्रवाशाच्या डोळ्यांपुढे भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि नर्मदेचा धुवांधार प्रपात उभा राहतो. परंतु स्नूकरच्या खेळाचे जन्मस्थान हेच, हे थोड्यांनाच ठाऊक असते. १८७५ साली येथील लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने बिलियर्ड्सच्या टेबलावर पंधरा तांबड्या चेंडूंच्या जोडीला इतर रंगांचे चेंडू मांडले, आणि येथून तो खेळ जगभर गेला.

दूरदेशीचे खेळ जबलपूरलाही आले. १९५६ पर्यंत नागपूर ही या मुलखाची राजधानी. त्यामुळे येथे जुनी मराठी घरे आहेत. अशाच एका घरी मी उतरलो होतो. दिवाळीची झाडलोट चालू होती. माळ्यावरून जुना टीव्ही आणि एक ‘व्हिडिओ गेम’ खाली आला होता. दारात कबाडीवाला उभा होता.

निन्टेन्डो या जपानी कंपनीने जुलै १९८३ मध्ये ‘फॅमिली कॉम्प्युटर’ नावाचे यंत्र काढले. त्याच्या स्वस्त नकला १९९० नंतर आपल्याकडील मध्यमवर्गीय घरांत पोहोचल्या. मूळ यंत्राची कार्यस्मृती अवघी दोन किलोबाइट; तेवढ्यात मारिओ धावे, उडी मारी आणि पोरांची सुटी सरून जाई!

घरच्या चिरंजीवांनी कॅसेट लावली. चित्र उमटेना. सवयीने ते फुंकर घालू लागले. पण श्वासातील ओलाव्याने धातूचे दाते गंजतात. कापसाच्या बोळ्यावर थोडे स्पिरिट घेऊन ते पुसताच पडद्यावर बदके उडू लागली.

“टीव्ही तरी देऊन टाका,” आजीबाई म्हणाल्या. येथेच खरी अडचण होती. बंदुकीचा घोडा ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन झळकतो आणि बंदुकीतील प्रकाशग्राही डोळा तो टिपतो. नव्या सपाट पडद्यावर चित्र किंचित उशिरा उमटते, त्यामुळे नेम लागतच नाही. टीव्ही गेला, तर ही बंदूकही मुकी!

संग्राहक अशा यंत्रांना आज पैसे मोजतात. त्या घरी मात्र किमतीची गोष्ट निघाली नाही. नात बंदूक घेऊन बसली, वडील नेम शिकवू लागले. कबाडीवाला केवळ रद्दी घेऊन गेला.