काचेची लिफ्ट

लिफ्टमध्ये शिरलेला माणूस मोठा गंभीर होतो. शेजाऱ्याकडे पाहायचे नाही, म्हणून तो मजल्यांचे आकडे वाचीत राहतो! अमेरिकेत अटलांटा येथे १९६७ साली जॉन पोर्टमन या वास्तुशिल्पज्ञाने आपल्या हॉटेलातली लिफ्ट भिंतीआडून बाहेर काढली आणि काचेच्या पेटीतून माणसे २२ मजली चौकात वर धाडली. तशी लिफ्ट आता आपल्याकडेही दिसते.

आमच्या आईला बंद लिफ्टची धास्ती. गुडघे धरून जिना चढेल, पण आत शिरणार नाही. काचेच्या लिफ्टमध्ये मात्र ती खुशाल उभी राहिली. म्हणाली, "अरे, खालची माणसं दिसताहेत ना? मग भ्यायचं कशाला?"

घरी आल्यावर तिची खुर्ची मी आतल्या खोलीतून गॅलरीत नेऊन ठेवली.