सही जुळत नाही

बँकेच्या काउंटरमागे वीस वर्षे काढली की माणसाची नजर अधूही होते आणि संशयीही होते. शिंप्याला समोरच्या माणसाची कंबर दिसते, न्हाव्याला डोके दिसते, आम्हांला फक्त सही दिसते. गृहस्थ कितीही भला असो, त्याच्या नावातला 'ळ' नमुन्याच्या सहीतल्या 'ळ'सारखा वळला पाहिजे. नाही वळला तर 'सही जुळत नाही' असा शेरा मारून आम्ही चेक परत करतो आणि चहाला जातो. ब्राझीलमधल्या एका फुटबॉल क्लबाची कहाणी माझ्यासारख्या बी.कॉम. माणसाने का सांगावी, असे कुणाला वाटले तर उत्तर एवढेच, की त्या कहाणीच्या ऐन मध्यात सहीची भानगड आहे.

क्लबाचे नाव वास्को द गामा. माझा भाचा इंजिनिअरिंगसाठी आमच्याकडे राहतो. एका पहाटे तांबारलेल्या डोळ्यांनी तो म्हणाला, "मामा, वास्को गेलं!" मी म्हटलं, "जाऊ दे रे, दुसरी गाडी असेल." आम्हां मिरज-कोल्हापूरकडच्या लोकांना वास्को म्हणजे गोवा एक्सप्रेसचे शेवटचे स्टेशन. तिथे काजू घ्यायचे की उतरून टॅक्सीवाल्याशी भांडायचे, एवढाच प्रश्न. हे वास्को ब्राझीलचे आहे आणि ते रात्री हरले आहे, हे कळायला मला आणखी एक कप चहा लागला.

तसा फुटबॉल आम्हांला परका नाही. कोल्हापुरात फुटबॉल ही पेठांची भांडणे मिटवण्याची, आणि मिटलेली पुन्हा उकरण्याची, मान्यताप्राप्त पद्धत आहे. वर्ल्डकप आला की इथे ब्राझील आणि अर्जेंटिना असे दोन तट पडतात आणि गोव्यापलीकडचा समुद्र न पाहिलेली माणसे एकमेकांशी बोलेनाशी होतात. पण ब्राझीलच्या आत आणखी पेठा आहेत, हे मला ठाऊक नव्हते.

तर हा क्लब २१ ऑगस्ट १८९८ रोजी रिओ द जानेरोत निघाला. काढणारे बासष्ट जण, बहुतेक पोर्तुगालहून पोटासाठी आलेले. वास्को द गामाच्या हिंदुस्थानच्या सफरीला तेव्हा चारशे वर्षे होत होती, म्हणून त्याचे नाव दिले. म्हणजे गामासाहेब कालिकतला उतरले नसते तर रिओत या नावाचा क्लब निघाला नसता. त्यांनी आपल्याकडून काय नेले याचा हिशेब इतिहासवाले मांडोत. पण त्यांच्या नावावर जमेच्या बाजूला टाकण्याजोगी एक रक्कम निघालीच, तर ती ही.

क्लब काढला तो फुटबॉलचा नव्हे, होड्या वल्हवण्याचा. रिओतला पोर्तुगीज म्हणजे तेव्हा किराणा दुकान, नाहीतर बेकरी, नाहीतर त्या दुकानात पुड्या बांधणारा पोऱ्या. त्यांच्यावर तिथे चुटके रचतात, आजही रचतात. वर्गणी वेळेवर भरणारी ही माणसे. १९०४ साली त्यांनी कांदिदो जोझे द अरौजो या मिश्रवर्णी गृहस्थांना अध्यक्ष निवडले. ब्राझीलमधली गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा जेमतेम सोळा वर्षे झाली होती, म्हणजे ही लहानसहान गोष्ट नव्हती.

फुटबॉलचे खाते उघडले १९१५ साली. १९१६ च्या पहिल्या सामन्यात पालादिनो नावाच्या संघाने त्यांना दहा विरुद्ध एक असे हरवले. खाते उघडल्या दिवशीच ओव्हरड्राफ्ट! तेही तिसऱ्या श्रेणीत. दुसरा एखादा क्लब पुन्हा होड्यांकडे वळला असता. पण दुकानदार पहिल्या वर्षीच्या खोटीने दुकान बंद करत नाही. त्यांनी विचार केला, की आपल्याला खेळता येत नाही हे उघड आहे. तेव्हा ज्यांना येते त्यांना आणू.

रिओतले मोठे क्लब, म्हणजे फ्लुमिनेन्से, फ्लामेंगो, बोटाफोगो, ही बड्या घरांची मंडळी. डॉक्टरकीला, वकिलीला बसलेली पोरे तिथे खेळत. चांगला खेळाडू उपनगरातल्या मोकळ्या मैदानावर असला तर तो तिथेच राही. वास्कोवाले त्या मैदानांवर गेले. त्यांनी आणलेला गोलरक्षक नेल्सन द कॉन्सेसांव टॅक्सी चालवायचा. सेसी भिंती रंगवायचा, निकोलिनो गोदीत ओझी उचलायचा, बोलांव ट्रक हाकायचा. काही काळे, काही मिश्र, काही गोरे, आणि सगळे गरीब. शिकवायला उरुग्वेचा रामोन प्लातेरो आणला. तो त्यांना रोज पळवायचा. बड्या क्लबांतली पोरे संध्याकाळी सवड झाली तर सराव करीत. हे लोक सराव संपल्यावर सवड शोधत.

इथे वास्कोवाल्यांना उगाच संत करायला नको. त्यांनी हे पुण्यासाठी केले नाही, जिंकण्यासाठी केले. काळ्या खेळाडूला आधी घेणारेही तेच नव्हेत; बांगू या गिरणीवाल्यांच्या क्लबात तो आधीच खेळत होता. पण बांगू जिंकत नव्हता, त्यामुळे कुणाची झोप उडत नव्हती.

आता अडचण अशी, की खेळ हौशी असला पाहिजे, खेळण्याचे पैसे घ्यायचे नाहीत आणि खेळाडूला दुसरा सभ्य कामधंदा पाहिजे, असा नियम. पोर्तुगीज दुकानदारांनी तोड काढली. खेळाडू त्यांच्या दुकानांच्या हजेरीपटावर नोकर म्हणून चढले. मग संघटनेचे तपासनीस दुकानांत येऊन पाहू लागले, की हा इसम खरोखर साखर तोलतो की नाही. हे वाचताना मला आमच्या शाखेतला एक मध्यमगती गोलंदाज आठवला. खेळाडूंच्या कोट्यातून लागलेला. चार वर्षे आमच्याकडे होता म्हणतात. त्याच्या खुर्चीवर त्याचा स्वेटर असे. ऑडिटर आले की हेडक्लार्क स्वेटरकडे बोट दाखवून म्हणत, "आत्ताच उठलाय."

पैशांची तोड याहून बहारीची. ब्राझीलमध्ये 'जोगो दो बिशो', म्हणजे जनावरांची सोडत, नावाचा आपल्या मटक्यासारखा प्रकार आहे. त्यात प्रत्येक आकड्याला एक जनावर. कुत्रा पाचावर, ससा दहावर. सामना जिंकला की खूश झालेले दुकानदार खेळाडूच्या हातात नोटा सरकवत आणि विचारलेच तर म्हणत, पैसे कुठले, त्याला एक कुत्रा दिला! कुत्रा म्हणजे पाच मिल-रेइस, ससा म्हणजे दहा. मोठा सामना मारला तर गाय, ती शंभराची. सामना जिंकल्यावर मिळणाऱ्या बक्षिसाला ब्राझीलमध्ये आजही 'बिशो', म्हणजे जनावर, असेच म्हणतात. कॉमर्सच्या चार वर्षांत आम्हांला एवढे सुरेख जमाखर्च कुणी शिकवले नाही.

१९२३ साली वास्को पहिल्या श्रेणीत आला आणि आल्या वर्षीच अजिंक्यपद घेऊन बसला. साऱ्या हंगामात हरला एकदाच, फ्लामेंगोकडून. पूर्वार्धात दम खाऊन उत्तरार्धात ही माणसे सुटायची, कारण रोज पळलेली असायची. काळ्या सदऱ्यांतला तो संघ पाहायला साऱ्या रिओतले दुकानदार, गोदीकामगार, मोलकरणी लोटल्या.

बड्या क्लबांना आता एकाएकी नियमांची आठवण झाली. माझा अनुभव असा, की साहेबाला एखाद्याचे काम अडवायचे असले म्हणजे तो कधीही 'नाही' म्हणत नाही. 'सर्क्युलर पाहावं लागेल' म्हणतो. १९२४ साली बडे क्लब जुन्या संघटनेतून उठले आणि त्यांनी 'अमेआ' ही नवी संघटना काढली. वास्कोलाही बोलावले, पण दुय्यम हक्कांवर. शिवाय तुमचे बारा खेळाडू वगळा, ते आमच्या पातळीत बसत नाहीत. वास्कोपाशी नीटसे मैदान नाही, हेही एक निमित्त. रंगाचा शब्द कागदावर कुठे नाही. सर्क्युलरात तो नसतोच.

तेव्हा वास्कोचे अध्यक्ष होते जोझे आवगुस्तो प्रेस्तेस. त्यांनी ७ एप्रिल १९२४ रोजी अमेआच्या अध्यक्षांना एक पत्र धाडले. पत्र छोटे, रीतसर, आमच्या कचेरीतल्या पत्रांइतकेच गुळगुळीत. सांगायचे ते एवढेच, की हे बारा जण तरुण आहेत, त्यांची उमेद आत्ताच सुरू झाली आहे, त्यांनीच आम्हांला विजेते केले; त्यांना वगळण्याचे काम आमच्याने होणार नाही, सबब आम्ही तुमच्या संघटनेत येत नाही. ब्राझीलमध्ये या पत्राला 'ऐतिहासिक उत्तर' म्हणतात.

मी हे पत्र दोनदा वाचले. आयुष्यात मी हजारो पत्रे 'वरीलप्रमाणे' आणि 'सबब' यांत गुंडाळून पाठवली आहेत. पण 'सबब'च्या पुढे 'आम्ही येत नाही' असे लिहिलेले एकही आठवत नाही. हिशेबाने पाहिले तर पत्र तोट्याचेच. बारा जणांना निरोप दिला असता तर मोठ्यांच्या पंगतीत पाट मिळत होता, आणि नवे बारा आणायला पैसा होता. ज्या माणसांना त्यांनी जिंकण्यासाठी आणले होते, त्यांना जिंकून झाल्यावर सोडले नाही, ही मला त्यातली खरी गोष्ट वाटते. वास्को जुन्या, ओस पडलेल्या संघटनेत राहिला आणि १९२४ चे तिथले अजिंक्यपद एकही सामना न हरता घेतले. गर्दी सगळी तिकडे. गल्ला कुठे जमतो हे बड्या क्लबांना दिसत होते, आणि १९२५ साली अमेआने वास्कोला आत घेतले, खेळाडूंसकट.

आता सहीची भानगड. त्या काळच्या नियमांत आणखी एक खुंटी होती. खेळाडूला लिहितावाचता आले पाहिजे, फॉर्म भरता आला पाहिजे आणि सामन्याच्या कागदावर सही करता आली पाहिजे. पळता किती येते याचा रकाना नाही. म्हणून क्लबाने खेळाडूंना अक्षरे शिकवायला बसवले. टॅक्सी हाकून, ओझी उचलून, प्लातेरोच्या शिट्टीवर पळून आलेली ती दांडगी माणसे स्वतःचे नाव गिरवीत बसत. पास्कोआल चिनेली नावाचा खेळाडू होता. त्याला ते आडनाव काही वळेना. तेव्हा त्याचे आडनावच बदलून 'सिल्वा' केले, लिहायला सोपे म्हणून, अशी हकीकत मारिओ फिल्हो या पत्रकाराने लिहून ठेवली आहे. (रिओच्या प्रसिद्ध माराकाना स्टेडियमचे अधिकृत नाव याच मारिओ फिल्होचे.)

लोक या गोष्टीला हसतात. मलाही आधी हसू आले. पण माझ्या काउंटरवर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात निराधार पेन्शनवाल्या बाया येतात. आता अंगठा मशिनवर ठेवायचा असतो. भांडी घासून रेषा झिजलेल्या असतात. मशिन म्हणते, जुळत नाही. त्यातली एक बाई परवा म्हणाली, "सायब, सही शिकून आलीया, घ्या करून." आणि तिने फॉर्मवर, रकान्याच्या बाहेर दोन बोटे जाईल अशी, आपली पाच अक्षरे काढली. तिला पाच मिनिटे लागली, मागे रांग खोळंबली, आणि मी माझ्या नोकरीत प्रथमच नमुना कार्ड न उघडता वर पाहिले. पास्कोआलच्या हातात पेन कसे दिसत असेल, याचा मला तेव्हा अंदाज आला.

मैदानाचे निमित्तही वास्कोवाल्यांनी उरू दिले नाही. दुकानदारांनी, नोकरांनी वर्गण्या काढल्या आणि साओ जानुआरिओचे स्टेडियम बांधले. २१ एप्रिल १९२७ रोजी, देशाच्या राष्ट्राध्यक्षांच्या देखत, त्याचे उद्घाटन झाले. आणि त्या मुहूर्ताच्या सामन्यात सांतोसने त्यांना पाचास तीन असे हरवले. घराच्या वास्तुशांतीलाच दूध नासावे तसे. पण १९३० पर्यंत दक्षिण अमेरिकेत एवढे मोठे स्टेडियम दुसरे नव्हते. ज्यांच्यापाशी मैदान नव्हते त्यांचे! पुढे १९४० च्या १ मे रोजी जेतुलिओ वार्गास यांनी किमान वेतनाचा हुकूमनामा याच स्टेडियममध्ये जाहीर केला. आमच्या युनियनच्या सेक्रेटरींना मी हे सांगितले तेव्हापासून ते वास्कोचे कट्टर पाठीराखे झाले आहेत. फुटबॉलमध्ये एका संघात किती खेळाडू असतात, हे मात्र त्यांनी मला खाजगीत विचारून घेतले.

पुढची चढण भराभर सांगतो, कारण चढत्या शिलकेत सांगण्यासारखे थोडे असते. १९४८ साली सान्तियागोला दक्षिण अमेरिकेतल्या विजेत्या क्लबांची स्पर्धा भरली, ती वास्कोने न हरता जिंकली. त्या संघाला 'विजयाची एक्सप्रेस' म्हणत. १९५० च्या वर्ल्डकपात ब्राझीलचा कप्तान, सर्वांत जास्त गोल मारणारा आदेमीर आणि प्रशिक्षक, सगळे वास्कोचे. गोलरक्षक बार्बोसाही त्यांचाच, तोही काळा. शेवटच्या सामन्यात उरुग्वेच्या गिज्जाने त्याच्या आणि खांबाच्या मधून चेंडू घातला, ब्राझील हरले, आणि तो गोल बार्बोसाच्या खात्यावर पडला. आमच्याकडे चुकीची नोंद दुसऱ्या दिवशी उलटवता येते. त्याची कुणी उलटवली नाही. ब्राझीलमध्ये जास्तीत जास्त शिक्षा तीस वर्षांची, मी मात्र पन्नास भोगतोय, असे तो म्हणे. २००० साली तो गेला.

राष्ट्रीय अजिंक्यपद चार वेळा आले, १९७४, १९८९, १९९७ आणि २००० साली. १९९८ मध्ये क्लबाला शंभर वर्षे झाली आणि पाचच दिवसांनी, २६ ऑगस्टला, त्यांनी दक्षिण अमेरिकेतला सर्वांत मोठा चषक, लिबेर्तादोरेस, उचलला. नंतर मात्र २००८, २०१३, २०१५ आणि २०२० असे चार वेळा खालच्या श्रेणीत घसरले, आणि चारही वेळा परत चढले. २०२२ साली एका अमेरिकन कंपनीने फुटबॉलच्या धंद्याचा सत्तर टक्के हिस्सा घेतला आणि २०२४ साली कोर्टाने कंपनीच्या हातून कारभार काढून घेतला. भाच्याचे डोळे का तांबारलेले असतात, हे यावरून ध्यानात यावे. बरेचदा अंतिम सामन्यात हरल्यामुळे इतर क्लबांचे लोक त्यांना 'व्हाइस द गामा' म्हणून चिडवतात, म्हणजे उपविजेते गामा. कागदोपत्री मात्र त्यांचे नाव अजून होड्यांचाच क्लब असे आहे, कुणी बदलून घेतलेले नाही.

ही सगळी कथा मी आमच्या हेडकॅशिअरना लंच टाइममध्ये तीन हप्त्यांत सांगितली. डबा आवळता आवळता त्यांनी नुसती मान डोलावली. पत्र, स्टेडियम, बार्बोसा, कशावरच काही बोलले नाहीत. पावणेपाचला कॅश बंद करून, स्ट्राँगरूमची किल्ली हातात घेऊन ते माझ्या टेबलाशी आले आणि हळूच म्हणाले, "बाकी ठीक आहे हो. पण ती गाय त्यांनी कुठल्या खात्यावर खर्ची टाकली?"