पन्हाळ्यावरून लघुग्रह मोजूया!

मुलांनो, पन्हाळ्याच्या सज्जाकोठीजवळ कधी उभे राहिला आहात का? खाली हिरवी शेतं, वळणं घेत उतरणारा रस्ता आणि सुमारे २० किलोमीटरांवर आपलं कोल्हापूर. आज इथूनच आपण आकाशातले दगड मोजणार आहोत. मोजपट्टी मात्र ओळखीचीच घ्यायची बरं का!

मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात लाखो लघुग्रह सूर्याभोवती फिरतात. त्यांतला सर्वांत मोठा सेरेस. तो १ जानेवारी १८०१ रोजी इटलीत पियाझी यांना दिसला. त्याला आता बटुग्रहही म्हणतात. व्यास सुमारे ९४० किलोमीटर! आपल्या महाराष्ट्राची पूर्व-पश्चिम लांबी साधारण ८०० किलोमीटर. म्हणजे सेरेसच्या थाळीत जवळजवळ अख्खा महाराष्ट्र मावेल. वेस्टाचा व्यास सुमारे ५२५ किलोमीटर; महालक्ष्मी एक्स्प्रेस कोल्हापूरहून मुंबईपर्यंत रात्रभर धावते, जवळपास तेवढा. इरॉस मात्र लांबुळका, ३४ किलोमीटरांचा. त्याचं एक टोक पन्हाळ्यावर टेकवलं, तर दुसरं कोल्हापूर ओलांडून पुढे जाईल.

आणि गंमत पाहा, पट्ट्यातले सगळे लघुग्रह एकत्र केले, तरी त्यांचं वस्तुमान चंद्राच्या ३ टक्क्यांच्या आसपासच भरतं!

मग भीती कुणाची? मोठ्यांची नव्हे, ते आपल्या वाटेत येत नाहीत. धोका लहानांचा, कारण ते लवकर दिसत नाहीत. २०१३ साली रशियात चेल्याबिन्स्कच्या आकाशात जेमतेम २० मीटरांचा दगड फुटला. लखलखाट पाहायला लोक खिडक्यांशी धावले. विजेसारखंच झालं: उजेड आधी, धक्का मागाहून. काचा फुटल्या आणि हजाराहून अधिक लोक जखमी झाले. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवरही अशाच एका आघाताची खूण. पन्हाळ्याखाली आहे तसल्याच काळ्या कातळात सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा!

पण माणूस स्वस्थ बसलेला नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये 'डार्ट' यान डायमॉर्फस या सुमारे १६० मीटरांच्या दगडावर मुद्दाम आदळवलं. त्याची प्रदक्षिणा सुमारे ३३ मिनिटांनी कमी झाली. म्हणजे वाट बदलता येते!

आता कंपास घ्या. १ सेंटीमीटर म्हणजे १०० किलोमीटर धरा. सेरेससाठी ४.७ सेंटीमीटर त्रिज्येचं वर्तुळ, वेस्टासाठी २.६. इरॉस म्हणजे साडेतीन मिलिमीटरांची रेघ. आणि डायमॉर्फस? तो काढून दाखवाच. पेन्सिलीचं टोकसुद्धा त्याच्यासाठी जाड पडेल!