दोन उन्हं दाखवल्याशिवाय कडवळ दावणीत नको



परवा शेजारच्या गावातल्या एका पोराचा फोन आला. "काका, कडवळ गुडघ्याएवढं झालंय. चारा संपलाय. कापून टाकू का गाईंना?" मी म्हटलं, थांब बाबा, विळा खाली ठेव. मग त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितोय. इतके दिवस लिहायचं टाळलं, कारण चूक माझीच होती.

2023 चा पावसाळा आठवतो ना? ऑगस्ट अख्खा कोरडा गेला. 1901 पासूनच्या नोंदीत देशात एवढा कोरडा ऑगस्ट झालाच नव्हता. पुढं ऑक्टोबरच्या शेवटी सरकारनं 40 तालुके दुष्काळी जाहीर केले. आपल्या जिल्ह्यातले मालेगाव, सिन्नर आणि येवला त्यात होते. आम्ही सिन्नरच्या पूर्वेकडचे, म्हणजे आमचं काय झालं असेल ते सांगायला नको. जुलैत अर्धा एकर कडवळ पेरलं होतं. ते गुडघ्याला येऊन थांबलं. पानं गुंडाळली, पिवळी पडली. घरातला कडबा पोळ्याच्या आधीच संपला.

सप्टेंबरात थोडा पाऊस झाला आणि त्या कडवळाला बुडातून हिरवेगार, लुसलुशीत फुटवे आले. महिनाभर कोरडं पाचट चघळणारी जनावरं ते बघून दावं तोडायला लागली. मलाही राहवलं नाही. गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दोन भारे कापले, कुट्टी केली आणि उपाशी जनावरांपुढं पाट्या ओतल्या.

घरची म्हणाली, "आबा तर असलं कवळं वाळवल्याबिगर घालू देत नव्हते." आबा म्हणजे माझे वडील. मी म्हटलं, आबांचा काळ वेगळा होता. वाळवायचं ते साठवायला. आता घालायचंय तर वाळवायचं कशाला? हिरव्यानं दूध वाढतं.

अर्धा तास नाही झाला. पाच महिन्यांची गाभण कालवड थरथरायला लागली. तोंडाला फेस, श्वास जोरात. पाय ताणले आणि आडवी झाली. डॉक्टरांना फोन लावला तेव्हा ती जिवंत होती, डॉक्टर आले तेव्हा नव्हती. तिला 70,000 ला मागणी आली होती, ती मी दिली नव्हती. पैशाचं जाऊ द्या. आमच्याच गोठ्यात जन्मलेली होती, हाक मारली की मान वळवायची.

दुसरी गाय पडायच्या बेताला होती. डॉक्टरांनी तिच्या शिरेतून औषध दिलं, त्यात सोडियम थायोसल्फेट होतं. ती वाचली. त्यांनी तिच्या हिरड्या दाखवल्या, लालभडक. म्हणाले, "रक्तात ऑक्सिजन आहे, पण शरीराला तो वापरता येत नाही. याला किरळ लागणं म्हणतात."

ते सांगून गेले ते असं. कोवळ्या ज्वारीत एक द्रव्य असतं. पान चावलं, चिरडलं की त्यातून सायनाइडचं विष सुटतं. पीक जेवढं कोवळं तेवढं ते जास्त. पाण्याचा ताण बसला, मग एकदम पाऊस पडून फुटवे आले, तर फार जास्त. वरून युरिया मारला असेल तर आणखी. कापणीनंतरचा खोडवाही तसाच. फुलोऱ्यात आल्यावर ते बरंच कमी होतं. आणि उन्हात पूर्ण वाळवलं तर त्यातलं बरंचसं विष उडून जातं.

म्हणजे आबा साठवायलाच वाळवत नव्हते. नाव माहीत नसलेलं विष ते उन्हाला देत होते.

हे फक्त ज्वारीचं नाही. आपण उपवासाला साबुदाणा खातो, तो ज्या कंदापासून होतो त्यातही हेच विष असतं. त्या कंदाचे काप आणि साबुदाणा काढल्यावर उरलेला चोथा दक्षिणेत उन्हात वाळवूनच जनावरांच्या खाद्यात घालतात. त्याच 2023 च्या अखेरीस केरळच्या इडुक्की जिल्ह्यात त्या कंदाच्या साली खाऊन एकाच गोठ्यातली 13 जनावरं दगावली. बातमी वाचली तेव्हा मला त्या गोठ्याची सकाळ दिसली.

आता मी काय करतो ते सांगतो.

कडवळ शक्यतो फुलोऱ्यात आल्यावरच कापतो. आधी कापायची वेळ आली तर दव उडाल्यावर कापून खळ्यावर पातळ पसरतो, ढीग घालत नाही. दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा उलथवतो. रात्री गोळा करून झाकतो, सकाळी परत पसरतो. आबा दोन उन्हं म्हणायचे, मी तीन कडक उन्हं देतो. पान हातात चुरलं पाहिजे, ताट पिळलं तर ओल लागता कामा नये. अर्धवट सुकलेलं घालायचं नाही, ते धोक्याचंच. ओलसर गंज लावला तर बुरशी येते, ते दुसरं दुखणं.

वाळल्यावरही एकदम पोटभर नाही. आधी थोडा कोरडा चारा, मग त्यात मिसळून. उपाशी जनावरापुढं तर कधीच नाही. पावसाळ्यात ऊन नसेल तर मुरघास करा, मुरताना विष कमी होतं. आणि एक लक्षात ठेवा. युरिया जास्त पडलेल्या चाऱ्यात नायट्रेट साठतं, ते वाळवून जात नाही. ताणात असलेल्या कडवळाला युरिया मारूच नका.

जनावर थरथरायला लागलं तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. चारा काढून घ्या, डॉक्टरांना फोन करा आणि "कवळी ज्वारी खाल्ली" हे पहिल्याच वाक्यात सांगा.

त्या पोरानं कडवळ कापलं नाही. काल फोन करून म्हणाला, "काका, कडबा मिळाला का कुठं?" माझ्याकडच्या 50 पेंढ्या घेऊन जा म्हटलं. यंदा माझा गंज भरलेला आहे.