इटियाडोहची प्रश्नमंजूषा

‘तलावांचा जिल्हा कोणता?’ सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत हा प्रश्न आला की मुले डोळे मिटून ‘भंडारा’ म्हणतात आणि गुण पदरात पाडून घेतात. उत्तर चूक नव्हे, अपुरे आहे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा निघाला आणि त्या वाटणीत कोहळ्यांनी बांधलेला जुना नवेगावबांध तिकडे गेला, इटियाडोहही गेला.

अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावाजवळ गाढवी नदी अडवून हे धरण झाले. (नदीच्या नावाला हसू नये, खालचा भात तिच्याच पाण्यावर पिकतो.) भिंतीवर आमच्या कॉलेजातल्या स्पर्धकांना विचारले, “हे पाणी शेवटी कुठे जाते?” एकाने बेधडक सांगितले, “अरबी समुद्रात!” मग वाट दाखवणे आले: गाढवी वैनगंगेत, वैनगंगा वर्धेला भेटून होते प्राणहिता, प्राणहिता गोदावरीत, आणि गोदावरी थेट बंगालच्या उपसागरात. चार नद्यांची ही सोयरीक नकाशावर पाठ होत नाही, पाण्याकडे पाहताना होते.

जवळच १९७२ पासूनची तिबेटी वसाहत आहे, नॉर्ग्येलिंग. दलाई लामा भारतात कधी आले? १९५९, एक गुण. पुस्तकात ते एवढेच. इथे त्या सालाने घरे बांधली, लेकरे वाढवली. आमची मंडळी वाटेभर एकमेकांना राजधान्या विचारीत आली होती. पण वसाहतीत ओसरीवर जपमाळ ओढीत बसलेल्या आजींसमोर ‘ल्हासा’ हा शब्द कोणी काढला नाही.