जगाचा पुरसा

आमच्याकडे मयत झाली की त्या घरात दोन-तीन दिवस चूल पेटत नाही. शेजारीपाजारी, नातेवाईक जेवणाचे डबे पोहोचवतात. बायका आत बसतात, पुरुष बाहेर सतरंजीवर. आलेला माणूस पुरसा देतो, म्हणजे सांत्वनाचे दोन शब्द बोलतो, दुवा करतो आणि बसून राहतो. आमच्या हिंदू शेजाऱ्यांकडेही दुःखाच्या घरी बसायला जाण्याची रीत आहेच. दुःख एकट्याच्या अंगावर पडू द्यायचे नाही, हे जुन्या माणसांनी चांगले ओळखले होते.

पण जी मयत हजारो मैलांवर झाली, जिचे घर आपल्याला ठाऊक नाही, तिचा पुरसा कोणी कोणाला द्यायचा? संग्रामपूरच्या आम्हा चार-पाच उर्दू शिक्षिकांना हा प्रश्न छळू लागला. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी तुर्कस्तान आणि सीरियात भूकंप झाला. ५० हजारांहून अधिक माणसे गेली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून गाझामधली पडलेली घरे आणि कफनात गुंडाळलेली मुले घरोघरच्या मोबाईलवर दिसू लागली. रात्री अंथरुणात पडून जो तो एकटाच बघत होता आणि सकाळी काही न बोलता कामाला लागत होता. मोठ्यांचे ठीक, पण मुलेही बघत होती. सहावीच्या वर्गात भूगोल चालू असताना एका मुलीने विचारले, "बाजी, उन बच्चों का स्कूल कब खुलेगा?" बी.एड.ला आम्ही कितीतरी पाठांची टाचणे लिहिली. या प्रश्नाचे टाचण त्यांत नव्हते.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही तासभर एकत्र बसू लागलो. ज्याच्या मनात जे साचले असेल ते त्याने सांगायचे, बाकीच्यांनी मध्ये तोडायचे नाही, लगेच उपदेश करायचा नाही, एवढाच नियम. हळूहळू मोहल्ल्यातल्या बायकाही येऊ लागल्या.

एका शनिवारी शेजारची एक बाई बराच वेळ ऐकत बसली आणि मग म्हणाली, "तुम लोग दुनिया का रोना लेके बैठे, जरा मेरे घर में भी झाँको." तिच्या नवऱ्याच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, दर वेळी यंत्रापाशी चार तास. जाण्यायेण्याचा खर्च वेगळा आणि त्या दिवसाची मजुरी बुडते ती वेगळी. सगळ्याजणी गप्प झाल्या.

तिचे दुःख आमच्या तालुक्याला नवे नाही. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. जमिनीखालचे पाणी खारट. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत किडनीच्या आजाराने माणसे गेली, तरणीताठीही गेली. वान धरणाचे गोडे पाणी आणणारी १४० गावांची योजना आली. पण नळ कोरडा राहिला की पावले पुन्हा जुन्या विहिरीकडेच वळतात. २२ जुलै २०२३ च्या अतिवृष्टीने याच दोन तालुक्यांत घरांत पाणी शिरले, शेतातली माती खरवडून गेली. एकीकडे पिण्याला गोडे पाणी नाही आणि दुसरीकडे पाण्यानेच घर वाहून जाते.

त्या बाईच्या बोलण्याने आमची बैठक मोडेल असे वाटले होते. झाले उलटेच. दूरच्या दुःखापुढे आपण काय करणार, हा प्रश्न आम्हाला हतबल करत होता. शेजारच्या दुःखापुढे तसे म्हणायची सोय नव्हती. आम्ही पाळ्या लावल्या. डायलिसिसच्या दिवशी त्या घरी कोणी डबा द्यायचा, मुलांना कोणी सांभाळायचे, सोबत कोणी जायचे, हे ठरले. सोबत जाण्याच्या पाळीत मोहल्ल्याबाहेरचा एक शेजारी, जातीने माळी, आपणहून सामील झाला. शाळेतल्या मुलांनी आपापल्या घरी पिण्याचे पाणी कोठून येते, नळ किती दिवसांनी येतो, याची वहीत नोंद सुरू केली. पाणी तपासून घ्या, असा अर्ज मोठ्यांनी त्या नोंदींच्या आधारे केला. आजार बरा झालेला नाही आणि विहीरही गोड झालेली नाही. पण त्या घरातली बाई आता एकटी नाही.

मग दूरच्यांचे काय? जानेवारी २०२५ मध्ये शेजारच्या शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. आरोग्य पथके आली, नमुने नेले. दूरदूरचे लोक मात्र मोबाईलवर ते बघून हसले. टक्कल पडलेल्या पोरीबाळींच्या मनाचे काय झाले असेल, हे फार थोड्यांनी विचारले. आपले दुःख परक्याच्या हातातल्या मोबाईलवर तमाशा होते तेव्हा कसे वाटते, ते तेव्हा कळले. म्हणून गाझाचे मूल असो की युक्रेनचे, त्याच्याकडे बघताना नजर सांभाळायची, हे आम्ही वर्गात सांगतो. त्या सहावीच्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला देता आले नाही. वर्गाने मात्र त्या मुलांना उर्दूत पत्रे लिहिली. ती पोहोचण्याचा मार्ग नाही. मुलांना ते ठाऊक होते, तरी त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिली.

आणि जिने आम्हाला आपल्या घरात डोकवायला सांगितले होते, तीच बाई परवा दुवेसाठी हात उचलताना म्हणाली, "पहले उन बच्चों के लिए माँगो, फिर मेरे घर के लिए." स्वतःचे दुःख वाटून घेणारे भेटले की माणसाच्या मनात दुसऱ्याच्या दुःखाला जागा होते. आम्हाला दिसलेली उमेद एवढीच आहे. जगाचा पुरसा द्यायला जगाच्या दारी जाता येत नाही. तो शेजारच्या दारापासून सुरू करावा लागतो.